गुपित राखायचं, पण कुणाच्या हाती?

पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या आहेत, लग्नाला ६ वर्षं झाली. गेल्या वर्षी नवऱ्याची वीर्यतपासणी झाली आणि रिपोर्टवर शुक्राणू 'निल', म्हणजे शून्य, आले. गावातल्या डॉक्टरांनी "डोनरचा विचार करा" एवढंच सांगितलं. नवरा शाळेत शिक्षक आहेत. दवाखान्यात गेलो तर कंपाउंडरपासून सासरच्या भावकीपर्यंत सगळ्यांना कळेल, या धास्तीनं त्यांनी टेलिग्रामवरच्या एका ग्रुपवर वीर्यदाता शोधला. तो स्वतःला इंजिनियर म्हणवतो, आपल्याच जातीचा असल्याचं सांगतो, पैसे घेत नाही, फक्त येण्याजाण्याचा आणि लॉजचा खर्च मागतो. एचआयव्हीचा रिपोर्ट त्यानं मोबाइलवर पाठवला. आजवर वीसेक जोडप्यांना 'मदत' केल्याचंही सांगतो. आधी ओळखीच्या नर्सकडून सिरिंजनं घरीच करायचं ठरलं होतं. आता तो म्हणतो की सिरिंजनं राहत नाही, 'नॅचरल'च, म्हणजे प्रत्यक्ष संबंध ठेवूनच, करावं लागेल, आणि ताईंचा फोटो मागतो. नवरा म्हणतात, महाभारतातही हे होतं, एकदाचं होऊन जाऊ दे. ताई विचारतात: "स्टॅम्प पेपरवर करार केला तर चालेल का? आणि नाही म्हटलं तर आमच्या हातात दुसरं काय आहे?" पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी लिहिलंय की कॉलेजच्या शिबिरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची त्यांची तपासणी 'एएस' आली होती.

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हळदीकुंकवाला ओटी भरताना तुम्हाला कसं हळूच ओलांडून पुढे जातात, ते तुम्ही लिहिलंय. मूल होत नाही याचा ठपका सहा वर्षं तुमच्यावर आहे. खरा रिपोर्ट कुणाचा, हे माहीत असून तुम्ही तोंड उघडलं नाहीत. नवऱ्याची अब्रू तुम्ही आपल्या पदराखाली झाकलीत. आता त्याच झाकण्यापायी तुम्हाला एका परक्या माणसाबरोबर लॉजवर जायला सांगितलं जातंय. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी एवढंच सांगते: जाऊ नका.

शुक्राणूंना ते कसे पोहोचले याच्याशी देणंघेणं नसतं. दात्याचं वीर्य वापरून गर्भधारणा करणारे डॉक्टर ते धुऊन, त्यातले हलते शुक्राणू वेगळे काढून, बारीक नळीनं गर्भाशयात सोडतात. यालाच आययूआय म्हणतात. कुठल्याही पेशंटला ते 'नॅचरल'चा आग्रह धरत नाहीत. असा आग्रह धरणाऱ्याला काय हवं आहे ते त्याच्या मागणीतच दिसतं. सुरुवात सिरिंजनं करायची, घरच्यांचा विश्वास बसला की "त्यानं होत नाही" म्हणायचं, ही चाल अशा ग्रुपवर नवी नाही. तुमच्या यजमानांनी होकार दिला म्हणजे तुमचा होकार झाला, असंही नाही. ते थकलेत, मला ते समजतं. पण त्यांच्या थकव्याची किंमत तुमच्या देहानं का मोजायची?

महाभारताचं म्हणाल, तर ती गोष्ट त्यांनी पुन्हा वाचावी. व्यासांना बोलावणं सत्यवतीनं धाडलं, भीष्मांशी बोलून. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते ठरवून केलं होतं. आणि त्या गोष्टीतली माझ्या मनाला कायम टोचणारी बाजू वेगळीच आहे. अंबिकेनं भीतीनं डोळे मिटून घेतले, अंबालिका पांढरीफटक पडली. त्यांच्या मनाचा विचार कुणी केला नव्हता. तुमचं पत्र वाचताना मला त्या दोघी आठवल्या.

आता तुमच्या दोघांच्या मनात जी गोष्ट धरून बसली आहे, तिच्याकडे येते. दवाखान्यात गेलं की गुपित फुटणार आणि अनोळखी माणसाकडे गेलं की सुरक्षित राहणार, असं तुम्ही धरून चालला आहात. जरा मोजून पाहू. त्या माणसाकडे आज तुमच्या यजमानांचा मोबाइल नंबर आहे, नाव आहे. गप्पांच्या ओघात शाळेचंही नाव गेलंच असेल. रिपोर्ट 'निल' आल्याचं त्याला माहीत आहे. उद्या फोटो गेला की तुमचा चेहराही त्याच्याकडे असेल. या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढायला त्याला क्षणही लागत नाही. गुपित राखायला लावणारा कायदा त्याच्यावर नाही, पेशा नाही, लाज नाही, नातं नाही. त्याचं खरं नाव काय, हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. तुमचं सगळं त्याच्याकडे आहे आणि त्याचं तुमच्याकडे काहीच नाही. भावकीपासून लपवायचं गुपित तुम्ही जगातल्या सगळ्यात बेभरवशाच्या तिजोरीत ठेवायला निघाला आहात. पाच वर्षांनी, मूल बालवाडीत जात असताना "मला भेटायचंय" किंवा "एवढे पाठवा" असा मेसेज आला, तर तुम्ही कुणाकडे जाणार?

नोंदणीकृत क्लिनिकवर मात्र कायद्याचं बंधन आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा, म्हणजे एआरटीचा कायदा संसदेनं २०२१ मध्ये केला आणि तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. जोडप्याची आणि दात्याची माहिती गोपनीय ठेवणं त्यात क्लिनिक आणि वीर्य साठवणारी बँक दोघांवर बंधनकारक आहे. वीर्यदात्याची निवड, तपासणी, साठवण हे काम फक्त नोंदणीकृत बँकच करू शकते. दाता २१ ते ५५ वयाचा हवा. त्याची ओळख, आधार क्रमांकासह, बँकेकडे नोंदवलेली असते, पण तो कोण हे तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही कोण हे त्याला कळत नाही. जन्मणारं मूल कायद्यानं तुमचं दोघांचं, सर्व हक्कांसह. दात्याचा त्याच्यावर कोणताही पालकहक्क उरत नाही. हे तुमच्या स्टॅम्प पेपरनं होत नाही, कायद्यानं होतं.

स्टॅम्प पेपरबद्दल तुम्ही खास विचारलंय. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात टोपीका शहरात २००९ मध्ये एका माणसानं इंटरनेटवरची जाहिरात पाहून एका जोडप्याला वीर्य दिलं. रीतसर लिहून घेतलं होतं की मुलावर त्याचा हक्क नाही आणि जबाबदारीही नाही. पुढे सरकारनं मुलाच्या खर्चासाठी त्यालाच धरलं. तिथल्या कायद्याप्रमाणे हे काम डॉक्टरमार्फत व्हायला हवं होतं, ते घरी झालं होतं, म्हणून २०१४ मध्ये न्यायालयानं कागद बाजूला सारून त्याला बाप ठरवलं. २०१६ मध्ये त्याची पैशांतून सुटका झाली, पण मधली वर्षं सगळ्यांचीच कोर्टात गेली. आपल्याकडे तर वीर्याची किंवा स्त्रीबीजाची विक्री करणं, तिची टोळी चालवणं हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ ते १० लाखांचा दंड, पुन्हा केल्यास ३ ते ८ वर्षांचा तुरुंगवास आणि वर दंड. अशा व्यवहाराच्या करारावर कोणतं न्यायालय तुमच्या बाजूनं उभं राहील?

कागदाची आणखी एक बाजू आहे, ती लिहिताना माझा हात अडखळतो, पण लिहायलाच हवी. लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरतो. जुन्या पुरावा कायद्यातलं ११२ वं कलम आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६ वं आहे. त्यामुळे मुलाला आधार आहे. पण उद्या संसारात काही बिनसलं, तर आज "होऊन जाऊ दे" म्हणणारा माणूस काय म्हणेल, याची हमी मी देऊ शकत नाही, तुम्हीही देऊ शकत नाही. परपुरुषाशी संबंध हा २०१८ पासून फौजदारी गुन्हा राहिला नसला, तरी घटस्फोटाचं कारण आजही आहे. क्लिनिकमध्ये तुम्हा दोघांच्या सह्या असतात, तारखेसकट. लॉजवर तुमच्या बाजूनं बोलणारा एकही कागद नसेल.

आता त्या मोबाइलवरच्या रिपोर्टकडे. तो खरा आहे, असं समजू. तरी तो त्याचाच आहे का? कधीचा आहे? एचआयव्हीची लागण झाल्यावर काही आठवडे तपासणीत ती दिसत नाही. आणि हा माणूस स्वतःच वीस जोडप्यांकडे गेल्याचं सांगतो. बँकेत एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि सिफिलिस या तपासण्या होतात. नमुना गोठवून सहा महिने बाजूला ठेवायचा, दात्याचं रक्त पुन्हा तपासायचं आणि मगच नमुना वापरायचा, अशी पद्धत आहे ती याच लपलेल्या आठवड्यांसाठी. ओळखीची नर्स सिरिंजनं आत सोडेल, असंही त्यानं आधी सुचवलं होतं म्हणता. न धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात गेलं तर जोराचे पेटके येऊ शकतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो. हे घरच्या खाटेवर करायचं काम नाही.

आणि तुम्ही शेवटच्या ओळीत जे सहज लिहून टाकलंत, ते माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. तुम्ही 'एएस' आहात, म्हणजे सिकलसेलच्या वाहक. वाहकाला सहसा त्रास होत नाही. पण दाताही 'एएस' निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की मूल 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा आजार घेऊन, जन्मेल. विदर्भात राहणाऱ्या कुणालाही 'एसएस' म्हणजे काय ते सांगायला नको. सांधे धरून कळवळणारी मुलं आणि रक्ताच्या पिशवीसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात खेपा घालणारे आईबाप आपण सगळ्यांनी पाहिलेत. दाता थॅलेसेमियाचा वाहक असला तरीही धोका तितकाच. आपल्याच भागातला, आपल्याच जातीतला माणूस निवडल्यानं तुम्हाला जवळचं वाटतंय, पण रक्ताच्या या दोषांच्या बाबतीत तेच जवळपण अंगाशी येऊ शकतं. त्या माणसाची इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हे दोष ओळखणारी रक्ततपासणी, झाली आहे का, हे तुम्ही विचारलंत? इंग्लंडमध्ये डर्बीच्या न्यायालयात २०२२ मध्ये एक प्रकरण आलं होतं. समाजमाध्यमांवरून १५ मुलांना जन्म देणाऱ्या दात्याला 'फ्रॅजाइल एक्स' हा आनुवंशिक विकार होता. आयांना ते धड ठाऊक नव्हतं.

वीस जोडप्यांचा आकडा त्यानं भरवसा वाटावा म्हणून सांगितला. मला त्याचीच भीती वाटते. नेदरलँड्समध्ये एका दात्यानं क्लिनिकांतून आणि इंटरनेटवरून मिळून किमान ५५० मुलांना जन्म दिला. एका दात्याची जास्तीत जास्त २५ मुलं, तीही १२ आयांना, असा तिथला तेव्हाचा संकेत होता, आणि तो आईबापांशी आकड्याबद्दल खोटं बोलत राहिला. एप्रिल २०२३ मध्ये हेगच्या न्यायालयानं त्याला पुढे वीर्यदान करायला मनाई केली. ते परदेशातलं झालं. आपल्याकडे काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. हा माणूस एका जातीतल्या, दोन-तीन जिल्ह्यांतल्या घरांत जातोय. पंचवीस वर्षांनी ही मुलंमुली एकाच वधू-वर मेळाव्यात येतील. गोत्र जुळतंय का, ते भटजी पाहतील. सावत्र बहीणभाऊ समोरासमोर बसलेत, हे कोण पाहणार? आपल्या कायद्यानं म्हणूनच एका दात्याचं बीज एकापेक्षा जास्त जोडप्यांना द्यायला मनाई केली आहे. दाते कमी पडतात, खर्च वाढतो, म्हणून या कलमावर डॉक्टर नाराज असतात. तरी आपल्यासारख्या जातीत लग्नं जुळवणाऱ्या समाजात मला ते कलम पटतं.

बँकेत सगळं निर्दोष असतं, असं मी म्हणणार नाही. डेन्मार्कमधल्या एका बँकेच्या दात्यात कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकदोष होता आणि त्याची मुलं युरोपात अनेक देशांत पसरली, हे २०२५ मध्ये उघड झालं. त्यातल्या काही मुलांना कर्करोग झाला. फरक इतकाच की तिथे नोंदी होत्या, म्हणून त्यातल्या अनेक घरांपर्यंत निरोप पोहोचवता आला आणि मुलांच्या तपासण्या सुरू झाल्या. टेलिग्रामवरचं खातं एका रात्रीत पुसलं जातं. मग मुलाच्या डॉक्टरांनी "घराण्यात कुणाला होतं का?" असं विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?

आणखी एक शंका मला सुरुवातीपासून होती, तुमचं पत्र पुन्हा वाचताना ती पक्की झाली. तुमच्या यजमानांची तपासणी एकदाच झाली ना? एका रिपोर्टवर कुणी दात्याकडे वळत नाही. किमान दोन तपासण्या लागतात, त्याही चांगल्या प्रयोगशाळेत, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मधे मोठा ताप येऊन गेला असला तरी रिपोर्ट बिघडतो. पुन्हा 'निल' आलं तर कारण शोधायचं. शुक्राणू बनतात पण वाट बंद आहे, असं असू शकतं. लहानपणीच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर असं झालेलं आढळतं. तेव्हा सुईनं अंडकोषातून शुक्राणू काढता येतात आणि प्रयोगशाळेत स्त्रीबीजात सोडता येतात. ते मूल त्यांचंच असेल. वयात येताना गालगुंड होऊन अंडकोष सुजले होते का, जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली होती का, हे डॉक्टरांना सांगा. इंजेक्शनांमुळे बंद झालेलं उत्पादन बऱ्याचदा ती थांबवल्यावर परत सुरू होतं. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नाही, युरॉलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ) किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे (पुरुषांच्या वंध्यत्वाचे तज्ज्ञ) जायचं असतं. गावात तो नसेल, नागपुरात आहेत. नागपूरला गेल्यावर कंपाउंडरचीही धास्ती नाही. घरी "नागपूरला उपचार चालू आहेत" एवढं सांगून पुरतं. उपचार कुणावर, हे सांगायला तुम्ही बांधील नाही.

तिथेही दात्याचाच मार्ग निघाला, तर क्लिनिक आणि बँक यांचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. आययूआय करणारी क्लिनिक 'लेव्हल १' म्हणून नोंदलेली असतात, आयव्हीएफवाली, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करणारी, 'लेव्हल २', बँकेची नोंदणी वेगळी असते. प्रमाणपत्र दाखवायला का-कू करणाऱ्या ठिकाणी थांबू नका. उंची, वर्ण, शिक्षण एवढी माहिती तुम्हाला मिळेल, नाव नाही. आययूआय हे काही हजारांतलं काम आहे, आयव्हीएफसारखं लाखांतलं नाही. एका फेरीत राहीलच असं नाही, तीन-चार फेऱ्यांची मनाची आणि खिशाची तयारी ठेवा. आणि दत्तकाचा विचार मनात आला तर 'कारा' या दत्तकाचं काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या पोर्टलवर नाव नोंदवून ठेवायला हरकत नाही. रांग काही वर्षांची असते. मुलाशिवाय दोघांनीच राहायचं ठरवलंत, तर तेही आयुष्यच आहे. मी तुम्हाला त्यातल्या कशाकडेच ढकलणार नाही.

या सदराला अविवाहित मैत्रिणींचीही पत्रं येतात, म्हणून इथेच लिहिते. एकट्या स्त्रीला बँकेतून वीर्य घेऊन आई होण्याचा हक्क याच कायद्यानं दिला आहे, वय २१ ते ५० असेल तर. एखाद्या क्लिनिकनं "नवऱ्याला घेऊन या" म्हटलं तर दुसरं गाठा, पण ग्रुपवर जाऊ नका. दोन स्त्रिया एकत्र राहत असतील तर कायदा त्यांना जोडपं मानत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं आणि त्यामुळेच काहीजणी इंटरनेटकडे ढकलल्या जातात. त्यांच्यापैकी एकीनं एकटी स्त्री म्हणून क्लिनिकमध्ये जाणं हा आजचा मार्ग आहे, अपुरा असला तरी. आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचक भगिनींनो, तिथे क्लिनिकबाहेर घरीच केलं आणि तुम्ही अविवाहित असाल, तर दाताच कायद्यानं बाप ठरतो. तो मुलावर हक्क सांगत कोर्टात जाऊ शकतो, आणि असे खटले तिथे झाले आहेत.

यजमानांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही, पण अडलंय तिथेच. त्यांच्यावर ओरडू नका. 'निल' हा शब्द वाचल्यापासून तो माणूस कुणाशीच बोललेला नाही. तुमच्याशीही नाही, बोलला तो टेलिग्रामवरच्या अनोळख्याशी. त्यांना म्हणा, "तुमचं गुपित मी वर्षभर राखलंय, पुढेही राखीन, पण माझ्या अंगावर नाही." हे पत्र त्यांना वाचायला द्यायचं असेल तर द्या. कायद्याप्रमाणे क्लिनिकमध्ये समुपदेशन असतंच. तिथे ते पहिल्यांदा दुसऱ्या पुरुषासमोर मोकळे होतील, असं मला वाटतं.

त्या टेलिग्रामवरच्या माणसाला उत्तर देऊ नका, भांडू नका, फोटो तर मुळीच पाठवू नका. आधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग त्याला ब्लॉक करा आणि ग्रुप सोडा. पैसे गेले असतील किंवा त्यानं धमकावलं, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. धमकी आली म्हणून पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी थांबत नाही.

नागपूरला जाताना यजमानांचा जुना रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं, लग्नाचं प्रमाणपत्र घ्या. त्यांच्या लहानपणी काही ऑपरेशन झालं असेल तर सासूबाईंना सहज विचारून त्याची चिठ्ठी शोधा. आणि कॉलेजच्या शिबिरातला तो सिकलसेलचा कागद हरवला असला तर ग्रामीण रुग्णालयात पुन्हा तपासून घ्या. तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा.